टॅबची वहिवाट

1976 सालचा एप्रिल महिना. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातली बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था. स्टीव्ह जॉन्सन नावाचे प्रोग्रॅमर नशिबाला शिव्या घालत एका सहकाऱ्याच्या खोलीत शिरले. त्यांची अख्खी सकाळ एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती, आणि ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. म्हणजे समोर दिसतोय तो प्रोग्रॅम बरोबर, आणि यंत्रात चालतोय तो जुना.

हे सहकारी म्हणजे स्टुअर्ट फेल्डमन. आदल्या संध्याकाळी त्यांचाही वेळ अशाच भानगडीत गेला होता. त्या शनिवार-रविवारी त्यांनी यावर एक छोटं साधन लिहून टाकलं. कुठली फाइल कुठल्या फाइलीवर अवलंबून आहे आणि ती तयार करायला काय करायचं, याची यादी त्याला द्यायची. मग काय बदललंय ते बघून, लागेल तेवढंच ते पुन्हा बांधून काढतं. नाव ठेवलं ‘मेक’.

या यादीत एक चमत्कारिक नियम होता. ‘काय करायचं’ ते सांगणारी ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. आठ स्पेस दिल्या तर चालणार नाही. पडद्यावर टॅब आणि आठ स्पेस बहुधा हुबेहूब सारख्याच दिसतात, म्हणजे एका कोऱ्या जागेत आणि दुसऱ्या कोऱ्या जागेत भेद करणारा हा नियम. त्यामागे काही तत्त्व होतं असंही नाही. मजकुराचे तुकडे पाडून देणारं ‘लेक्स’ नावाचं साधन तेव्हा नुकतंच आलं होतं. फेल्डमन यांनी ते वापरून पाहिलं, पहिल्याच प्रयत्नात गुंता झाला, म्हणून त्यांनी ‘नवी ओळ आणि तिच्या सुरुवातीला टॅब’ अशी सोपी खूण धरली. चाललं. राहिलं.

काही आठवड्यांत मेक वापरणारे डझनभर लोक झाले. बहुतेक सगळे मित्रच. हा टॅबचा नियम बदलायला हवा होता, पण मग या डझनभर जणांच्या फायली मोडल्या असत्या. मित्रांना कशाला त्रास द्या, म्हणून फेल्डमन यांनी तो तसाच ठेवला. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे खेदाने सांगितली आहे.

1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर मेक बाहेर पडलं. विद्यापीठांत गेलं, कंपन्यांत गेलं, पुढे अधिकृत मानकात जाऊन बसलं, टॅबसकट. 2003 साली संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संघटनेने फेल्डमन यांना मेकसाठी पुरस्कार दिला. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे, आणि तो कर्नल बांधण्याचं काम आजही मेकच करतं. टॅबऐवजी स्पेस पडली की मेक थांबतं आणि दोन भागांमधलं विभाजक चिन्ह सापडत नाही अशी तक्रार करतं. त्याची ग्नू आवृत्ती तर पुढे कंसात विचारतेही, की तुम्हाला आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचा होता का? म्हणजे काय घोटाळा झालाय ते प्रोग्रॅमला कळलेलं आहे. तरी तो हलत नाही. पन्नास वर्षांत किती विद्यार्थ्यांनी या ओळीपुढे कपाळाला हात लावला असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

2010 साली ग्नू मेकमध्ये एक सोय आली. टॅबऐवजी आपल्याला हवं ते चिन्ह ठरवता येतं. चौतीस वर्षांनी. पण तुम्ही ते चिन्ह वापरलंत तर तुमची फाइल वाचणाऱ्या प्रत्येकाकडे नवं मेक हवं, आणि मॅकबरोबर पुढेही वर्षानुवर्षं 2006 सालचीच आवृत्ती येत राहिली. मग कोण कशाला त्या वाटेला जाईल? दुरुस्ती उपलब्ध आहे आणि तिचा उपयोग नाही, अशी ही अवस्था.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वहिवाट. तुमच्या शेताच्या बांधावरून चार माणसं ये-जा करू लागतात. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही तिथे काटे टाकले तर ती कुरकुरतील आणि दुसरीकडून जातील. वीस वर्षांनी टाकलेत तर प्रकरण तहसीलदारापुढे जाईल, आणि वाट तुमच्या मालकीच्या जमिनीतून जाते हा मुद्दा तिथे पुरा पडणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटरफेस’ म्हणतात तो असाच असतो. आतलं यंत्र कसं चालतं ते नव्हे, तर बाहेरच्यांनी त्याच्याशी कसं बोलायचं ते. बटणं कुठे आहेत, आज्ञा कशी लिहायची, फाइल कुठल्या रचनेत द्यायची. आतलं यंत्र तुम्ही रातोरात बदलू शकता. बाहेरची बोली बदलायची तर ती शिकलेल्या प्रत्येकाला विचारावं लागतं. जुन्या बोलीला नव्या यंत्राने ओळख देत राहणं म्हणजे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी.

या वहिवाटी कुठे कुठे निघतात ते बघण्यासारखं आहे. तुम्ही एखाद्या साइटवरच्या लिंकवर बोट ठेवता, तेव्हा आपण कुठून आलो हे फोनचा ब्राउझर पुढच्या साइटला बरेचदा सांगतो. त्या ओळीचं इंग्रजी नाव ‘रेफरर’, पण ते लिहिताना मधला एक ‘आर’ गळला. 1996 साली वेबच्या बोलीचा पहिला अधिकृत दस्तावेज निघाला, तो ही चूक घेऊनच. तोवर सर्व्हर आणि ब्राउझर त्याच स्पेलिंगने एकमेकांशी बोलू लागले होते. गंमत म्हणजे पुढे याच माहितीवर नियंत्रण ठेवणारी दुसरी ओळ आली, तिचं स्पेलिंग बरोबर आहे. त्यामुळे आज वेबसाइट बनवणाऱ्याला कुठे एक ‘आर’ आणि कुठे दोन, हे लक्षात ठेवावं लागतं.

किंवा एक्सेल उघडा. एका चौकटीत 60 लिहा आणि तिला तारखेचं रूप द्या. 29 फेब्रुवारी 1900 अशी तारीख येईल. असा दिवस झालाच नाही, 1900 हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक मुळात लोटस 1-2-3 या 1983 सालच्या प्रोग्रॅमची. एक्सेलला लोटसची गिऱ्हाइकं हवी होती, त्यांच्या फायली जशाच्या तशा उघडायला हव्या होत्या, म्हणून मायक्रोसॉफ्टने तो खोटा दिवसही उचलला. आता तो काढला तर जगभरातल्या हिशेबांमधल्या जवळजवळ सगळ्या तारखा एक दिवसाने सरकतील. एका न झालेल्या दिवसावर इतका डोलारा उभा आहे.

मग उत्तर सोपं वाटतं: चूक दिसली की लगेच बदला, वाट मळण्याआधी. फेल्डमन यांच्या डझनभर मित्रांनी एक दुपार बसून टॅब काढले असते आणि विषय मिटला असता. पण मला या हकिकतीत चटका लावणारी गोष्ट वेगळी वाटते. ते डझनभर लोक समोर होते. त्यांची नावं ठाऊक होती, जेवायला ते एकत्र जात असतील. ज्या लाखो लोकांना पुढे टॅब छळणार होता, त्यांपैकी एकही तिथे नव्हता. बरेच तर जन्मलेच नव्हते. सुरुवातीच्या काळात बदल सर्वांत स्वस्त असतो आणि नेमका तेव्हाच ज्यांना तो हवा आहे ते हजर नसतात. जो समोर नाही त्याच्यासाठी मित्राला दुखवायचं, हे प्रोग्रॅमिंगच्या कौशल्याचं काम नव्हे.

उशिरा बदल केला तर काय होतं, ते पायथन या भाषेने दाखवलं. पायथनची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 1991 मध्ये आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणाऱ्या युनिकोडचा पहिला ग्रंथ आला त्याच वर्षी ऑक्टोबरात. अर्थातच पायथनला अक्षरं म्हणजे बाइट असंच वाटत होतं. इंग्रजीपुरतं ते ठीक होतं. पण यूटीएफ-8 मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी जुन्या पायथनला विचारा, तो सांगेल 15. प्रत्येक खुणेचे तीन बाइट, म्हणून. 2008 सालच्या डिसेंबरात पायथन 3 आलं, त्याने हा पायाच बदलला. त्याला विचारा, तो सांगतो 5: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. (आपण मोजतो तीन. ते भांडण वेगळं.)

बदल योग्य होता याबद्दल फारसं दुमत नव्हतं. पण भाषा तेव्हा सतरा वर्षांची झाली होती आणि जुने प्रोग्रॅम नव्यात जसेच्या तसे चालत नव्हते. जुन्या आवृत्तीला निरोप द्यायची तारीख आधी 2015 ठरली होती, ती पाच वर्षं पुढे ढकलावी लागली. 1 जानेवारी 2020 ला जुनं पायथन अधिकृतपणे बंद झालं. तोवर एकाच नावाच्या दोन भाषा अकरा वर्षं शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि कित्येकांना दोन्हींत चालेल असा कोड लिहिण्याची कसरत करावी लागत होती.

युनिकोडची स्वतःची गोष्ट याहून तिखट आहे, आणि ती आपल्यापर्यंत येते. 1993 सालच्या आवृत्तीत कोरियन लिपीची 6,656 अक्षरं होती. तीन वेगवेगळ्या जुन्या याद्या एकापुढे एक ठेवलेल्या, त्यामुळे ना धड क्रम, ना पूर्ण संच. कोरियन अक्षर घडतं ते आरंभीचं व्यंजन, मग स्वर, मग लागलं तर शेवटचं व्यंजन असं. आरंभाचे 19 पर्याय, स्वरांचे 21, शेवटाचे ‘काही नाही’ धरून 28. गुणाकार 11,172. हा सगळा संच नीट क्रमाने हवा, अशी मागणी झाली आणि ती मान्यही झाली. 1996 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत जुनी 6,656 अक्षरं तक्त्यातून उचलली आणि पूर्ण संच दुसऱ्या जागी नव्याने मांडला. रिकाम्या झालेल्या जागी पुढे चिनी चित्रलिपीची अक्षरं आली. म्हणजे 1994 साली युनिकोडमध्ये कुणी कोरियन पत्र लिहून ठेवलं असेल, तर आज ते उघडल्यावर अर्थहीन चिनी दिसेल.

असं पत्र कुणी लिहिलं होतं का? समित्यांचं म्हणणं होतं की त्या जागा वापरणारं मोठं सॉफ्टवेअर वा मजकूर अस्तित्वातच नाही. 1998 सालच्या यूटीएफ-8 च्या दस्तावेजात यावर एक सुंदर शेरा आहे: हे म्हणणं बहुधा खरं असावं, पण ते सिद्ध करता येत नाही. त्या प्रकरणाला ‘कोरियन गोंधळ’ असं नाव पडल्याचंही तिथे नोंदवलं आहे, आणि असा बदल पुन्हा कधीही, कधीही करणार नाही अशी समित्यांनी शपथ घेतल्याचंही.

ही शपथ शब्दशः पाळली गेली. एकदा तक्त्यात बसलेलं अक्षर हलवायचं नाही, काढायचं नाही, त्याचं अधिकृत नावसुद्धा बदलायचं नाही. 2005 साली उभ्या मजकुरासाठीच्या एका कंसाच्या नावात ‘ब्रॅकेट’चं स्पेलिंग चुकलं, दोन अक्षरं उलटसुलट पडली. ते तसंच आहे आणि तसंच राहील. शेजारी बरोबर स्पेलिंगचं टोपणनाव जोडून दिलं, एवढंच.

म्हणजे कोरियनला सुरुवातीलाच घर पाडून नवं बांधायची संधी मिळाली, आणि तिच्यामागे दार बंद झालं. देवनागरी तेव्हा कुठे होती?

तक्त्यात होती, 1991 पासून. तो तक्ता परदेशी लोकांनी आपल्यावर लादला असं आपल्याकडे अधूनमधून ऐकू येतं, ते काही खरं नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी उचलली ती भारतातच तयार झालेल्या इस्की या मानकाच्या 1988 सालच्या आवृत्तीतून. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एकच तक्ता, ही इस्कीची कल्पना, आणि ती देखणी आहे. पण सर्वांना सामावणारा तक्ता कुणा एकाच्या अंगाचा नसतो. त्यात ‘ळ’ ठेवला ‘ल’च्या शेजारी. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवरून शब्द लावले तर ‘काळ’ हा ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांच्याआधी येतो, आपल्या शब्दकोशात तो त्यांच्यामागे असतो. म्हणून मराठी यादी लावणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळा नियम शिकवावा लागतो. नियोजनाचा तर असा योग की युनिकोडचा पहिला ग्रंथ निघतोय तोच, नोव्हेंबर 1991 मध्ये, भारतीय मानक ब्युरोने इस्कीची सुधारित आवृत्ती काढली आणि मांडणीत थोडे बदल केले. युनिकोड जुन्यावरच राहिलं. मूळ घराची डागडुजी झाली आणि त्याची हुबेहूब नक्कल मात्र जुन्या नकाशाची.

मराठीपुरती खरी ठसठस आहे ती ‘ऱ्य’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. हिंदीला हा फरक लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो: वाऱ्या, पुऱ्या, करणाऱ्या. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हा अर्धा र काढायचा मार्ग होता र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. नंतर इस्कीला धरून दुसरा मार्ग मुख्य ठरला, द्रविड भाषांसाठी ठेवलेला नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. पहिला मार्ग मात्र बंद करता येत नव्हता, कारण कुणीतरी तसं लिहून ठेवलेलं असणार. म्हणून दोन्ही चालू. आता हे बघा: ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’. डोळ्यांना एकच शब्द. पण पहिला एका मार्गाने लिहिलाय आणि दुसरा दुसऱ्या. अक्षर-अक्षर ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी हे दोन निराळे शब्द, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असं नाही.

1996 साली, दार उघडं असताना, आपली मराठी निराळ्याच अंगणात रमली होती. डीटीपीचा तो काळ. लग्नपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत सगळं ‘फॉन्ट’मध्ये लिहिलं जात होतं, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरंच, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर देवनागरीचे मुखवटे. कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द, फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांची ओळ म्हणून उघडतो. हीच अक्षरं का? कारण रेमिंग्टनच्या हिंदी टाइपरायटरवर त्या त्या कळांवर म, र, काना, ठ आणि वेलांटी होती. टायपिस्टांच्या बोटांची वहिवाट मोडायची नाही म्हणून केलेली ही सोय. बोटांशी इमान राखलं, वाचणाऱ्या यंत्राशी नाही. आणि प्रत्येक फॉन्टवाल्याचा तक्ता आपापला, कुणाला कुणाची शपथ बांधलेली नाही. त्या काळातल्या फायली आज कुणाच्या जुन्या सीडीवर सापडल्या तर आधी कुठला फॉन्ट होता त्याचा शोध, मग त्या फॉन्टचा कन्व्हर्टर, मग कन्व्हर्टरने घातलेले घोळ हाताने निस्तरणं.

म्हणून युनिकोडच्या त्या हटवादी शपथेवर चिडताना मी जरा थबकतो. ‘ळ’ चुकीच्या जागी आहे, पण तो वीस वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच आहे. 2005 साली युनिकोडमध्ये कुणी लिहिलेली मराठी आज आपल्या फोनवर काहीही न करता वाचता येते. त्याच वर्षीची फॉन्टमधली मराठी येत नाही.

शपथेत नवं अक्षर घालायला मनाई नाही. ‘बॅट’मधला उच्चार शब्दाच्या सुरुवातीला आला की मराठीत तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात. तक्त्यात होता तो ‘ए’वर चंद्र दिलेला, हिंदी धर्तीचा. मराठीचा हा स्वर युनिकोडमध्ये आला एप्रिल 2008 मध्ये. स्वरांच्या रांगेत तोवर जागा उरली नव्हती, म्हणून त्याला बसवलं थेट दंड आणि आकडे यांच्या पलीकडे. तोपर्यंत लोक काही थांबले नव्हते. कुणी हिंदीचा ‘ऍ’ वापरत होतं, कुणी ‘अ’ टाइप करून त्यावर सुटा चंद्र ठेवत होतं. नवं अक्षर आल्यावर ते दोन्ही रस्ते अर्थातच चालू राहिले. ‘ॲप’, ‘ऍप’ आणि ‘अॅप’. पहिला आणि तिसरा शब्द दिसायला सारखेच, यंत्राला मात्र तिन्ही वेगळे, आणि तुमच्या कीबोर्डवर यातला कुठला निघतो ते कीबोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं आहे.